शिट्टीपूर्वीचा क्षण

धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडईचे दिवस येतात. दंडार होते, रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते आणि अनेक गावांत याच हंगामात कबड्डीचे सामने भरतात. मैदानाभोवती माणसांची दाटी असते. सामना अखेरच्या चढाईवर येऊन ठेपतो. चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा हवेत होता की नव्हता, एवढाच काय तो प्रश्न उरतो. दोन्ही गावांची माणसे एकाच वेळी ओरडत असतात आणि साऱ्यांच्या नजरा एका माणसावर खिळलेल्या असतात. तो म्हणजे पंच. अर्ध्या क्षणात घडलेल्या गोष्टीचा निवाडा त्याला पुढच्या अर्ध्या क्षणात द्यायचा असतो.

हीच कसोटी रग्बीच्या पंचाला एका सामन्यात अनेकदा द्यावी लागते. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नसला, तरी त्याचे भारताशी नाते जुने आहे. कोलकात्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८च्या सुमारास बंद पडला, तेव्हा खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जपला आणि जून २०२५मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सात-सात खेळाडूंच्या रग्बी प्रीमियर लीगचे सामनेही झाले.

मूळ रग्बी मात्र पंधरा-पंधरा खेळाडूंची. लंबगोल चेंडू, ऐंशी मिनिटांचा खेळ, आणि हाताने चेंडू पुढे फेकण्यास मनाई. प्रतिस्पर्ध्याने गंभीर नियमभंग केला, तर पंच पेनल्टी देतो. फुटबॉलमध्ये पेनल्टीची जागा ठरलेली असते. रग्बीत मात्र सामान्यतः नियमभंग जिथे झाला, तिथूनच ती घेतली जाते. खांबांमधून, आडव्या दांड्यावरून चेंडू पार केला की ३ गुण. अटीतटीच्या सामन्यात हे ३ गुण म्हणजे जय आणि पराजय यांतील अंतर.

नियम पाठ असणे ही पंचाची पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे शिट्टी लगेच न वाजवणे. नियमभंग दिसताच तो अन्याय झालेल्या संघाच्या दिशेने हात पसरतो आणि खेळ चालू ठेवतो. त्या संघाला खेळातूनच लाभ झाला तर उत्तम. नाही झाला, तर पंच शिट्टी वाजवून सर्वांना मूळ जागी परत आणतो. किती वेळ थांबायचे, हे कोणत्याही पुस्तकात सेकंदांत लिहिलेले नाही. घाईने शिट्टी वाजवली तर चांगला डाव मोडतो. उशीर केला तर प्रतिस्पर्धी म्हणतात, या संघाला दोनदा संधी मिळाली.

पेनल्टी दिल्यानंतरही पंचाचे काम संपत नाही. प्रतिस्पर्ध्यांनी दहा मीटर मागे हटले पाहिजे. गोलसाठी किक घेण्याचा मनोदय एकदा सांगितला की तो बदलता येत नाही आणि किक साठ सेकंदांत घ्यावी लागते. चेंडू घरंगळला आणि पुन्हा ठेवावा लागला, तरी वेळ तीच. किक घेणारा चेंडूकडे निघाला की प्रतिस्पर्ध्यांनी हात खाली ठेवून निश्चल उभे राहायचे. त्यांनी व्यत्यय आणला आणि तरीही किक यशस्वी झाली, तर गुण कायम राहतात. किक हुकली, तर दहा मीटर पुढून नवी पेनल्टी मिळते. लबाडीचा लाभ लबाडी करणाऱ्याला होऊ नये, एवढीच या नियमामागची दृष्टी.

सर्वांत अवघड प्रश्न असतो तो हेतूचा. चेंडू एखाद्या खेळाडूच्या हातून पुढे निसटला आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तो मुद्दाम खेळला, तर पेनल्टी. चेंडूच येऊन त्याच्यावर आदळला आणि त्याला टाळता आला नाही, तर केवळ स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी एकमेकांना रेटत खेळ पुन्हा सुरू करणे. मधे प्रतिस्पर्ध्याने चेंडू खेळला असेल, तर गणित पुन्हा बदलते.

याच कलमाने १८ ऑक्टोबर २०१५ रोजी विश्वचषकाचा एक उपांत्यपूर्व सामना फिरवला. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर स्कॉटलंड ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३४-३२ असा पुढे होता. अखेरच्या मिनिटांत दक्षिण आफ्रिकेचे पंच क्रेग जुबेर यांनी ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली. बर्नार्ड फोली यांनी ती साधली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ने जिंकला. दुसऱ्याच दिवशी खेळाच्या जागतिक संघटनेने जाहीर केले की मधे ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने चेंडू खेळला होता, म्हणून पेनल्टीऐवजी स्क्रम द्यायला हवा होता. अशा प्रसंगी चित्रफीत पाहणाऱ्या पंचाची मदत घेण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती. तरीही सामना संपताच धावत मैदान सोडणारे जुबेर हेच दृश्य लोकांच्या स्मरणात राहिले.

दोन वर्षांनी, ८ जुलै २०१७ रोजी, ऑकलंडमध्ये न्यूझीलंड आणि ब्रिटिश-आयरिश लायन्स १५-१५ असे बरोबरीत होते. मालिकेचाही निकाल याच सामन्यावर अवलंबून होता. अखेरच्या मिनिटांत फ्रान्सचे पंच रोमँ प्वात यांनी न्यूझीलंडला पेनल्टी दिली. मग त्यांनी चित्रफीत पाहिली, सहकारी पंचांशी बोलणे केले आणि निर्णय बदलला. चेंडू खेळाडूकडे अनपेक्षितपणे आला होता, असे ठरवून त्यांनी स्क्रम दिला. सामना बरोबरीत सुटला, मालिकाही. या बदलावर आजही वाद होतो. निर्णय बदलला म्हणजे तो बरोबरच असतो, असे नाही. परंतु हजारो प्रेक्षकांसमोर ‘मी पुन्हा पाहतो’ असे म्हणण्यास जे धैर्य लागते, ते नाकारता येत नाही.

आणि कधी पंचाला कोणी अपेक्षिलेला नसतो असा नियम वापरावा लागतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडविरुद्ध ३७-३४ असा पुढे होता. सामना संपत आला असताना त्यांना स्वतःच्या गोलरेषेजवळ पेनल्टी मिळाली. फोली किक घेण्यास विलंब लावत राहिले. पंच माथ्यू रेनाल यांनी ताकीद दिली आणि तरीही किक न झाल्याने पेनल्टी काढून घेत स्क्रम न्यूझीलंडला दिला. त्यातून न्यूझीलंडने सामना ३९-३७ने जिंकला. सात वर्षांपूर्वी एका पेनल्टीने ज्यांना विजय दिला, त्याच फोलींकडून दुसऱ्या पेनल्टीने तो हिरावला.

या तिन्ही प्रसंगांत खेळाडू रागावले, प्रेक्षक हळहळले. पण पंचाला घेरून हुज्जत घालण्यास या खेळात वाव नसतो. रग्बीत पंचाशी बोलण्याचा अधिकार सामान्यतः कर्णधाराचा. पेनल्टीनंतर हुज्जत घातली, तर पंच तिची जागा आणखी दहा मीटर पुढे नेऊ शकतो. म्हणजे रागाची किंमत आपल्याच संघाला मोजावी लागते.

आपल्या गावातील मंडईच्या मैदानावर ना चित्रफीत असते, ना कानाला लावलेले यंत्र. असतो तो बहुधा एखादा शिक्षक किंवा जुना खेळाडू, ज्याने गावाच्या आग्रहाखातर शिट्टी हाती घेतलेली असते. दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात त्याच्याकडून चूक होणे शक्य आहे. पण निकालानंतर त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला, तर पुढच्या वर्षी शिट्टी घ्यायला कोण पुढे येईल? आणि पंचच नसेल, तर मुले खेळणार कशी?

म्हणून यंदा मुलांना सामना दाखवायला न्याल, तेव्हा आपल्या गावाविरुद्ध निर्णय गेल्यावर आपण काय बोलतो, याकडे थोडे लक्ष असू द्या. मुले चढाई पाहतातच. पण हरल्यावर घरचे मोठे कसे वागतात, हेही ती पाहत असतात, आणि तेच अधिक काळ लक्षात ठेवतात.