इंग्लंडच्या उत्तरेतलं दगडी घर: किंमत कळली, खर्च कळला का?

जाड दगडी भिंती, छपरावर धुराडं, मागे सफरचंदाची झाडं आणि पुढे मेंढ्यांचं कुरण! इंग्लंडच्या उत्तरेतल्या गावांतल्या घरांचे फोटो पाहिले की नजर हटत नाही. लंडनमध्ये बेताचा फ्लॅट मिळतो, तेवढ्यात इथे बागेसह ऐसपैस घर मिळू शकतं. घरातलं कुणी लीड्स किंवा मँचेस्टरला स्थायिक झालं असेल, तर असं घर घ्यायचा विषय कधी ना कधी निघतोच. पण इथे सोन्यापेक्षा घडणावळ महाग पडू शकते.

भाव कुठे चढतात?

हॅरोगेट, यॉर्क आणि लीड्सच्या उत्तरेकडचा भाग मिळून होणाऱ्या पट्ट्याला 'सोनेरी त्रिकोण' म्हणतात. चांगल्या शाळा आणि यॉर्कहून रेल्वेने सुमारे २ तासांवर लंडन, ही त्यामागची मोठी कारणं. मँचेस्टरच्या दक्षिणेला ऑल्डर्ली एज, प्रेस्टबरी, विल्म्सलो इथे फुटबॉलपटूंचे बंगले आहेत, विमानतळही जवळ. लेक डिस्ट्रिक्टचं कारण वेगळं. हा भाग १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नव्या बांधकामावर कडक बंधनं आणि तळ्याकाठच्या घरांना मागणी भरपूर, मग भाव चढणारच.

कराचा दणका

समजा, घराची किंमत १५ लाख पौंड आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार एकुलत्या राहत्या घरावर स्टँप ड्युटी ९३,७५० पौंड होते. मात्र खरेदीदार भारतात राहत असेल आणि त्याचं इथे आधीच घर असेल, तर दुसऱ्या घराचे ५ टक्के आणि अनिवासी म्हणून २ टक्के वाढतात. म्हणजे एकूण १,९८,७५० पौंड, दुपटीहून जास्त!

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतातून एका व्यक्तीला वर्षाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरच परदेशी पाठवता येतात.

घर तुमचं, पण मर्जी?

अशी बरीच जुनी घरं 'लिस्टेड', म्हणजे वारसा यादीतली असतात. खिडकी बदलायची किंवा भिंत पाडायची, तर आधी स्थानिक परिषदेची परवानगी हवी. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल पूर्ववत करण्याची वेळ नव्या मालकावर येऊ शकते. दुरुस्तीही जपून करावी लागते. आपल्या जुन्या वाड्यांप्रमाणे या भिंतीही चुन्याच्या. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते.

अनेक गावांत गॅसची पाइपलाइन नसते. घर उबदार ठेवायला टाकीत तेल भरून ठेवावं लागतं. सांडपाण्यासाठी स्वतःची सेप्टिक टँक असते आणि तिचं पाणी थेट ओढ्यात सोडायला मनाई आहे. जमिनीतून सार्वजनिक पायवाट जात असेल, तर ती अडवता येत नाही. लोक तुमच्या कुरणातून चालत जाणार, हे गृहीत धरायचं.

गावाचंही ऐका

सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली की गावातल्या तरुणांना घर परवडत नाही. शाळेत मुलं कमी होतात, दुकान बंद पडतं. म्हणूनच एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या परिषदांना दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावण्याची मुभा आहे. नॉर्थ यॉर्कशायरने तो लावलाही आहे.

घर घेण्यापूर्वी

* जुन्या घरांची जाण असलेल्या सर्व्हेअरकडून तपासणी करून घ्या.
* आधीच्या बदलांच्या परवानग्या वकिलाकडून पडताळून घ्या.
* तेलाची, दुरुस्तीची आणि विम्याची मागच्या वर्षांची बिलं मागा.
* घर जूनमध्ये आवडलं, तरी जानेवारीत पुन्हा पाहा. साडेतीनलाच ऊन कलतं, भिंती गार पडतात, ओलीचा वास लपत नाही. तेव्हाही घर आवडलं आणि वर्षभर तिथे राहायची तयारी असली, तरच पुढची बोलणी करा.