ग्राफिक्स कार्डाची गरम हवा जाते कुठे?

शिक्रापूरच्या आसपासच्या गावांतून फिरताना कांदाचाळी नजरेस पडतात. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात आणि कांद्याच्या थराची रुंदी चार फुटांच्या फारशी पुढे नेत नाहीत. का बरे? साठवलेला कांदाही श्वसन करतो. त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते. थर रुंद झाला की मधल्या कांद्यांपर्यंत वारा पोचत नाही आणि सड तिथूनच सुरू होते. म्हणजे चाळ बांधणारा शेतकरी वारा कुठून येईल आणि कुठून जाईल, हे आधी ठरवतो.

लहान आकाराचा संगणक जुळवतानाही हाच प्रश्न येतो. शाळेतल्या कपाटाच्या खणात मावेल, प्रदर्शनाला उचलून नेता येईल अशी दहा-बारा लिटरची पेटी सोयीची वाटते. मुलांना त्रिमितीय आकृत्या काढायच्या असतात, पानांची छायाचित्रे संगणकाला ओळखायला शिकवायची असतात. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागते, कारण ते हजारो साध्या आकडेमोडी एकाच वेळी करते. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत तीस अँटेनांचे संदेश एकत्र जुळवण्याच्या कामातही अशी कार्डे वापरलेली आहेत. मात्र अशा संस्थांतले संगणक वातानुकूलित खोलीत असतात. आपल्या प्रयोगशाळेत छताचा पंखा, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला!

मध्यम ताकदीचे कार्ड पूर्ण काम करताना २०० वॉटच्या आसपास वीज घेते. ती जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होते. १००० वॉटच्या इस्त्रीचा पाचवा हिस्सा म्हणा, पण ही उष्णता निघते काही चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून. तिथून ती तांब्याच्या उष्णतानलिकांत जाते. या बंद नलिकांमधली हवा काढून थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने पाण्याची वाफ कमी तापमानालाच होते, ती थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून, कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे, परत येते. थंड टोकाला अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत असते. पंख्याचे काम इथून पुढे सुरू होते.

आता थोडे गणित करू. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. दर सेकंदाला २०० ज्यूल बाहेर न्यायचे आणि हवा फक्त १० अंशांनीच तापू द्यायची, तर सेकंदाला २० ग्रॅम हवा हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती सुमारे १९ लिटर भरते. म्हणजे १२ लिटरच्या पेटीतली सगळी हवा सेकंदाला दीड वेळा बदलायला हवी! निम्मीच हवा खेळली तर ती २० अंशांनी तापेल. खोली ४० अंशांवर असेल तर पेटीतून ६० अंशांची हवा निघेल, आणि हा हिशेब एकट्या कार्डाचा. प्रोसेसरची उष्णता वेगळीच.

कार्डावरचे पंखे मुख्यतः दोन तऱ्हांचे. पहिली तऱ्हा ब्लोअरची. भट्टीला वारा घालणारा, हाताने फिरवायचा गोल पंखा आठवा: हवा मधून आत येते आणि कडेच्या एकाच तोंडातून जोराने बाहेर पडते. ब्लोअर कार्डात हे तोंड संगणकाच्या मागच्या पट्टीत असते, त्यामुळे बहुतेक गरम हवा थेट पेटीबाहेर जाते. किंमत मोजावी लागते ती आवाजात. शिवाय पेटीतली हवा सतत बाहेर ओढली गेल्याने प्रत्येक फटीतून धूळ आत शिरते. नगर रस्त्याच्या कडेच्या शाळेला धुळीबद्दल वेगळे सांगायला नको.

दुसरी तऱ्हा उघड्या पंख्यांची. दोन-तीन पंखे पत्र्यांवर समोरून वारा घालतात. पत्रे छान थंड होतात, आवाजही कमी. पण गरम हवा पेटीतच राहते आणि पंख्यांकडे परत येते. खोली बंद करून छताचा पंखा लावल्यासारखेच ते.

हे मुलांना दाखवता येते. बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ४० वॉटचा साधा बल्ब आणि थर्मामीटर ठेवा. (जोडणी शिक्षकांनी स्वतः करावी, वायर पत्र्याला घासू देऊ नये, आणि पारा ८० अंशांवर गेला की बल्ब बंद करावा.) आधी डबा बंद ठेवून, मग आत छोटा पंखा लावून, आणि शेवटी तळाशी व वर भोके पाडून तापमान नोंदवा. आतला पंखा बल्बची काच थोडी थंड करील, पण डब्याची उष्णता तेवढीच राहील. भोकांजवळ उदबत्ती धरली की वाऱ्याची वाटही दिसते.

मग निवड कशी करायची? पेटीच्या बाजू बंद असतील तर ब्लोअर बरा, पण साध्या कार्डांत तो आता क्वचितच मिळतो. बाजूला जाळी असलेली आणि कार्ड त्या जाळीला लागून बसणारी पेटी मिळाली, तर मी उघड्या पंख्यांचेच कार्ड घेईन. पंख्यांना बाहेरची ताजी हवा सरळ मिळते. जाळी आणि पंखे यांत दोन-तीन सेंटिमीटरची फट राहत असेल, तर भोवती फोमची पट्टी लावावी. नाहीतर गरम हवा वळसा घालून परत येते. वरच्या बाजूला हवा बाहेर टाकणारा एक पंखा हवाच. अलीकडे काही कार्डांची पाटी आखूड करून वारा आरपार जाऊ देतात. २०२५ साली आलेले ५७५ वॉटचे आरटीएक्स ५०९० याच युक्तीने दोनच खाचांच्या जाडीत बसवले आहे. पण तेवढी उष्णता आपल्या प्रयोगशाळेत सोडण्याची हौस कोणी करू नये.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. कार्डांच्या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. तिथे ७२ अंश दाखवणारे कार्ड चाळीस अंशांच्या खोलीत नव्वदच्या घरात जाईल, कारण खोलीपेक्षा ते साधारण तितक्याच अंशांनी अधिक तापते. त्या तापमानाला कार्ड आपला वेग आपणच कमी करते. त्यापेक्षा सॉफ्टवेअरमधून विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणावी; काम त्या मानाने थोडेच घटते. आणि पेटी कपाटात ठेवलीच, तर चालू असताना कपाटाची दारे उघडी ठेवावीत, पुढची आणि शक्य असल्यास मागचा पत्राही काढून.