सीमेअलीकडचा बोंडू
लेखमाला : वेशीवरची गावं (भाग सहावा)

राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून गोव्याला निघालेली बहुतेक मंडळी बांद्याला थांबत नाहीत. सीमेवरची पत्रादेवी हाकेच्या अंतरावर आलेली असते, आणि जेवण पुढे, पेय पुढे, चित्रं-संगीतही पुढे असा हिशोब मनात पक्का असतो. या हिशोबाला मला हरकत घ्यायची आहे. गोव्यात ज्याची चव घ्यायला माणसं जातात, त्यातलं बरंच काही तेरेखोल नदीच्या या काठावरही पिकतं आणि शिजतं. नाव मात्र पलीकडचं लागतं.

बांदा हे सावंतवाडी तालुक्यातलं जुनं बाजाराचं गाव. आदिलशाहीत ते महत्त्वाचं ठाणं होतं. गावाजवळचा रेडे घुमट त्या काळाची साक्ष देत उभा आहे. तेरेखोल नदीतून भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर येत, म्हणून बाजारपेठ नदीला खेटून वसली. त्याची किंमतही गाव मोजत आलं आहे, कारण पावसाळ्यात नदी फुगली की आळवाडीत पाणी शिरतं. पुढे सावंतवाडी संस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांच्या सीमेवरचं गाव म्हणून त्याला वेगळंच वजन आलं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्यात कर्नेलसिंग बेनिपाल हुतात्मा झाले. त्या दिवसांत बांदा हा सत्याग्रहींचा अलीकडचा मुक्काम होता. मागच्या भागात त्याविषयी सविस्तर आलंच आहे.

आता खाण्याकडे वळू. बांद्यात कॉफीची दुकानं शोधत फिरू नये. इथे ‘हॉटेल’ म्हणजे चहाचं हॉटेल, आणि तेच गावाचं बसण्याचं ठिकाण. सकाळी उसळ-पाव, कांदाभजी, कपात चहा. हीच न्याहारी पणजीच्या कॅफे टाटोत किंवा कॅफे भोंसलेत पातळभाजी-पाव म्हणून मिळते. तिथे पर्यटक रांग लावतात, इथे एसटीची वाट पाहणारे लोक बाकावर सरकून जागा करून देतात. मसाल्यात थोडा फरक आहे. खोबऱ्याचं वाटप दोन्हीकडे आहे.

दुपारी खानावळ. ताटात उकड्या तांदळाचा भात, माशाची आमटी, तव्यावरचा तुकडा, एखादी भाजी, सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी. बांगडा असेल तर तिरफळं हवीतच. ओली तिरफळं मिळाली तर त्या आमटीचा वास दारापर्यंत येतो. तिरफळ चावून खायचं नसतं. ठेचून रश्शात सोडायचं आणि ताटात आलं की बाजूला ठेवायचं, हे नवख्याला कुणीतरी सांगावं लागतं. फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर मासा मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओला गर काढणं हे हात पोळणारं काम आहे. टरफलातला चीक कातडी सोलून काढतो, म्हणून बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात. त्या श्रमामुळेच ओले गर महाग असतात, आणि ते असावेतही. थोडं पुढे सावंतवाडीपर्यंत जायची तयारी असेल तर भालेकरांची खानावळ माशांसाठी आणि साधल्यांची मेस शाकाहारी जेवणासाठी, ही नावं या पट्ट्यात कुणालाही विचारावीत.

खरं सांगायचं ते पेयाविषयी. शहरांत आता बिअर गाळणारी लहान ठिकाणं निघाली आहेत, ‘स्थानिक’ हा शब्द त्यांच्या पाटीवर ठळक असतो. पण त्यांचं माल्ट आणि हॉप्स बहुधा दूरवरून येतात. ज्याचं फळ, पाणी, हवा आणि कसब सगळंच एका गावचं आहे असं पेय पाहायचं असेल तर काजूची भट्टी पाहायला हवी.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि कातळाच्या उतारावर तो असा रुजला की आज त्याला परका म्हणवत नाही. बी खाली लोंबते आणि तिच्या वर रसाळ बोंडू असतो. वजनात बोंडू बीच्या सहा ते आठ पट भरतो. म्हणजे एक किलो बी घरी आणताना सहा-आठ किलो फळ हाताखालून जातं, आणि ते एका दिवसात उतरू लागतं. क जीवनसत्त्व भरपूर, रस भरपूर, पण टॅनिनमुळे घसा धरणारा तुरटपणा. त्यामुळे मोठ्या बाजारात त्याला जागाच नाही. बागेत बोंडवांचा खच पाहून मी एका बागाईतदारीण काकींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बियो घेवक सगळे येतत, बोंडू कोण घेता?”

पत्रादेवीपलीकडे त्याचं काय होतं ते पाहा. पिकून आपोआप गळलेला बोंडूच घ्यायचा, झाडावरचा तोडायचा नाही, हा पहिला नियम. बी पिळून काढली की बोंडू कोळंबीत जातात. कोळंबी म्हणजे कातळात खोदलेलं उथळ कुंड. त्यात पायांनी तुडवत. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली आहेत. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर दगडाचा भार ठेवला की स्वच्छ रस थेंबथेंब पाझरतो, तो निरो. दुपारच्या उन्हात थंडगार निरो हे या हंगामाचं सर्वांत निर्मळ सुख आहे, त्यात मद्य नसतं. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपल्याच हवेतल्या किण्वांवर आंबू देतात. बाहेरून काही घालत नाहीत. मग तो भाण या भांड्यात भरून चुलीवर चढवतात. वाफ नळीतून लवणी या दुसऱ्या भांड्यात उतरते, लवणी पाण्यात बसवून गार ठेवलेली असते. पहिल्या धारेचा हुर्राक हलका, साधारण पंधरा टक्के मद्याचा. तो टिकत नाही, म्हणून मार्च ते मे एवढ्याच काळात मिळतो. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळलं की फेणी, बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत. जुनी माणसं तिची तीव्रता अजून ‘ग्राव’मध्ये सांगतात. आच किती ठेवायची, धार कधी तोडायची, हे भट्टीवाला वासावरून आणि बुडबुड्यांवरून ठरवतो. हे कसब पुस्तकातून येत नाही.

गोवा सरकारने या साऱ्याला कायद्याची चौकट दिली. काजूच्या क्षेत्रांचे लिलाव होतात, हंगामी गाळपाला परवाने मिळतात. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. आपल्या बाजूला तेच झाड, तोच कातळ, तोच उन्हाळा; पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा आहे. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या तपासल्या जातात, कारण दोन राज्यांच्या करांमुळे दारूच्या किमतीत मोठा फरक पडतो. पर्यटकांनी हे नीट लक्षात ठेवावं : पलीकडे उघड दुकानात घेतलेली बाटली महाराष्ट्रात आणली की ती बेकायदा मालात मोडू शकते. भट्टीच्या चवीची ओढ असेल तर हुर्राक गोव्यातच, परवाना असलेल्या ठिकाणी प्यावा.

म्हणून आमच्या बागांतले बोंडू काही प्रमाणात गाड्या भरून सीमापार जातात आणि तिथे फेणी होतात, बाकीचे झाडाखाली कुजतात. यात कोकणचं सरळ नुकसान आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू बोंडू आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून वरचा दर्जा देण्याचं धोरण मंजूर केलं. पाऊल योग्य दिशेचं होतं. पण मोठ्या भांडवलाच्या कारखान्याला परवाना देणं वेगळं आणि दहा-वीस बागाईतदारांच्या हंगामी भट्टीला देणं वेगळं. कसब दुसऱ्याकडे आहे. तपासणी कडक ठेवा, मिथेनॉलची चाचणी सक्तीची करा, विक्री मर्यादित ठेवा, पण गावाला दार उघडा. दारूने मोडलेली घरं या पट्ट्यातही आहेत, हे विसरून मी बोलत नाही. चोरून गाळलेली, न तपासलेली दारू त्या घरांचं जास्त नुकसान करते, एवढंच माझं म्हणणं आहे.

दारू नको असेल त्यांच्यासाठीही बोंडवाचा उपयोग आहे. साबुदाण्याची पातळ पेज घालून रस निवळला की टॅनिन खाली बसतं आणि तुरटपणा जातो. मग सरबत, सिरप, जॅम काहीही होतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा जाती देऊन बीचं उत्पन्न वाढवलं. तेवढाच जोर बोंडवाच्या प्रक्रियेवर लागायला हवा. आज खानावळीत सोलकढी हक्काने मागितली जाते, बोंडवाचं सरबत मात्र मेनूवर दिसत नाही. गिऱ्हाईकांनी विचारायला सुरुवात केली तर दिसेल.

नाव परक्या गावाला जाण्याचा प्रकार इथल्या चित्रांनीही भोगला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतला ठाकर समाज सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने रामायण-महाभारतातल्या कथा चित्रांतून सांगत असे. एकेका कथेच्या चित्रांची पोथी, आणि चित्र पुढे धरून टाळ-हुडुकाच्या साथीने गायन. ही चित्रं संग्राहकांच्या हाती गेली आणि वर्षानुवर्षं ‘पैठणी चित्रं’ म्हणून ओळखली गेली. पिंगुळीचं नाव पुढे आणण्यात परशुराम गंगावणे यांचा मोठा वाटा. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी उभं केलेलं कला आंगण बांद्याहून तासाभराच्या आत गाठता येतं. तिथे चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्याही पाहाव्यात. प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ ही कादंबरी वाचून गेलात तर त्या बाहुल्यांमागची माणसं जास्त दिसतील.

वाटेत सावंतवाडी येतेच. राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहता येतो : गोल पानं, दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकाची बारा म्हणजे एकशेवीस पानं. खेळणारे जवळपास संपले असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला पुन्हा उभी केली. चितार आळीतली लाकडी फळं-खेळणी घ्यायची असतील तर लाकूड कोणतं ते विचारा. हलक्या पांगाऱ्याची परंपरा आहे.

आणि कार्तिकानंतर आलात तर जत्रा बघून मुक्काम ठरवा. रात्री उशिरा देवळासमोर दशावतार उभा राहतो, आधी गणपती आणि संकासुराचा पूर्वरंग, मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते; संवाद नट तिथल्या तिथे रचतात, स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात, आणि पहाटेपर्यंत गाव जागं असतं. बाजूला खाज्याचे ढीग, चहाची किटली. तिकीट नाही, आगाऊ नोंदणी नाही. जत्रांच्या तारखा देवळाच्या पंचांगावर ठरतात, तेव्हा चहाच्या हॉटेलात विचारणं हाच खात्रीचा मार्ग.

पुढच्या आठवड्यात तेरेखोलच्या काठाने आरोंद्याकडे.