दोषसंकेताचा अर्थनिर्णय : विद्युत्-नियंत्रित थ्रॉटलचे एक उदाहरण

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने मोटारीच्या एंजिनातील दोषांविषयी लिहावे, ह्याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु आजची मोटार आपला बिघाड संकेतांच्या द्वारे सांगते. आणि जेथे संकेत आला तेथे अर्थनिर्णयाचा प्रश्नही आलाच. हा निर्णय चुकला म्हणजे निर्दोष भाग बदलला जातो, खर्च होतो, आणि मूळ दोष मात्र कायम राहतो. शहाद्याहून सातपुडा चढून तोरणमाळकडे जाणाऱ्या गाडीची शक्ती घाटात अकस्मात नाहीशी झाली, तर ह्या चुकीची किंमत केवळ पैशात मोजता येणार नाही. प्रस्तुत लेखात अशा दोषसंकेताचा अर्थ लावण्याची रीत स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

प्रथम यंत्ररचनेचा विचार करू. पेट्रोल एंजिनात किती हवा जावी हे थ्रॉटलची चकती ठरविते. जुन्या गाड्यांत एक्सिलरेटरचे पेडल आणि ही चकती एका केबलने जोडलेली असे. पाय दाबला की चकती उघडे. विद्युत्-नियंत्रित रचनेत ही केबल नसते. पेडलची स्थिती सेन्सर मोजतात, नियंत्रक संगणक ते मोजमाप वाचतो, आणि त्याच्या आज्ञेने एक लहान मोटर चकती फिरविते. १९८७ साली बी. एम. डब्ल्यू.च्या बारा सिलिंडरांच्या गाडीत ही रचना आली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून प्रदूषणविषयक चौथा टप्पा आणि १ एप्रिल २०२० पासून सहावा टप्पा देशभर लागू झाला. आज साध्या पेट्रोल गाड्यांतही ही रचना सर्रास आढळते.

पाय आणि चकती ह्यांचा प्रत्यक्ष संबंध तुटल्यामुळे विश्वासाचा प्रश्न उत्पन्न झाला. म्हणून पेडलला दोन आणि चकतीलाही दोन सेन्सर बसविलेले असतात. एका साक्षीदाराच्या सांगण्याची दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी, असा हा प्रकार होय. पोटेन्शिओमीटरच्या काही रचनांत चकती उघडू लागली की एका सेन्सरचे व्होल्टेज वाढते व दुसऱ्याचे तितकेच घटते, आणि दोहोंची बेरीज नेहमी ५ व्होल्ट राहते. पहिला १.५ सांगत असेल तर दुसऱ्याने ३.५ सांगितले पाहिजे. हा मेळ बिघडला की संगणक मोटरचा प्रवाह तोडतो, स्प्रिंग चकतीला किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवते, दिवा लागतो, आणि गाडी रांगत चालते. चालकाला हा बिघाड वाटतो. वस्तुतः ती सुरक्षिततेसाठी योजलेली अवस्था होय.

ह्याच वेळी संगणकाच्या स्मृतीत दोषसंकेत नोंदला जातो. ह्या संकेतांना एक प्रकारचे व्याकरण आहे. ‘पी’ हे अक्षर एंजिन व गतिसंक्रमण ह्यांचा वर्ग दाखविते आणि पुढील अंक विशिष्ट दोषाचा निर्देश करतात. पी ०१२२ म्हणजे पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज मर्यादेच्या खाली. पी ०१२३ म्हणजे मर्यादेच्या वर. पी २१३५ म्हणजे चकतीच्या दोन सेन्सरांचा मेळ नाही. पी २१३८ म्हणजे पेडलच्या सेन्सरांचा मेळ नाही. पी २१११ व पी २११२ म्हणजे चकती अनुक्रमे उघड्या व बंद स्थितीत अडकली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ह्यांपैकी कोणताही संकेत ‘अमुक भाग बदला’ असे सांगत नाही. पी २१३५ चे विधान इतकेच आहे की, दोन व्होल्टेजे परस्परांशी जुळत नाहीत. हे विधान सत्य असते. त्यावरून काढलेला ‘सेन्सर बिघडला’ हा निष्कर्ष सत्य असेलच असे नाही. न्यायशास्त्राच्या परिभाषेत असा हेतू सव्यभिचार होय. कारण तो साध्य असताना आढळतो, तसाच साध्य नसतानाही आढळतो.

उदाहरणार्थ, सेन्सरांच्या अर्थिंगच्या वायरीत गंज धरला आणि तेथे ०.४ व्होल्टची घट होऊ लागली, असे समजा. तेव्हा १.५ च्या जागी सुमारे १.७८ आणि ३.५ च्या जागी ३.६२ वाचले जाईल. बेरीज ५.४ होते व पी २१३५ उमटतो. दोन्ही सेन्सर निर्दोष आहेत. खोटे पडले आहे ते त्यांचे पायाखालचे माप. उंदराने कुरतडलेली वायर, पावसाळ्यात पाणी शिरलेला कनेक्टर, घाटातील हादऱ्यांनी सैल झालेली पिन, सेन्सरचा झिजलेला पट्टा, ह्या सर्वांचा संकेत एकच. उलट, चकतीवर साचलेली काजळी ही दोन व्होल्टेजांचा मेळ बिघडवीत नाही. म्हणून ह्या संकेतावर थ्रॉटल धुऊन काढण्याचा उपाय निरर्थक ठरतो.

मग मूळ कारण कसे निवडावे? येथे आपल्या शास्त्रातील एक जुनी रीत उपयोगी पडते. ‘वृक्षः’ आणि ‘वृक्षौ’ ह्या रूपांची तुलना करून कोणता अर्थ प्रकृतीचा व कोणता प्रत्ययाचा, हे पतंजलीने महाभाष्यात अन्वय-व्यतिरेकाने दाखविले आहे. काय राहिले असता काय राहते, आणि काय गेले असता काय जाते, हे पाहणे म्हणजेच ही रीत. निदानाचे कामही असेच करावयाचे असते.

कनेक्टर जोडलेलाच ठेवून, चावी चालू करून, मल्टिमीटरने प्रथम ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंगमधील घट मोजावी. येथेच दोष सापडला तर सेन्सरांवर ठपका ठेवण्याचे कारण उरत नाही. हे दोन्ही ठीक असतील, तर पेडल सावकाश दाबीत दोन्ही सेन्सरांची व्होल्टेजे थ्रॉटलपाशी मोजावी व स्कॅनरवरील आकड्यांशी ताडून पाहावी. थ्रॉटलपाशीच मेळ नसेल तर दोष सेन्सरात. तेथे मेळ असून स्कॅनरवर नसेल तर दोष मधल्या वायरिंगमध्ये, आणि क्वचित संगणकात. दोष येऊन जाऊन असेल, तर वायरिंग हलवीत असताना आकडा कोठे उडतो ते पाहावे. चावी चालू असताना चकतीत बोट घालू नये. मोटर ती अकस्मात मिटवू शकते. नवे थ्रॉटल बसविल्यास संगणकाला चकतीची बंद स्थिती पुन्हा शिकवावी लागते.

संकेताच्या जोडीला प्रसंगही वाचला पाहिजे. संकेत नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, एंजिनाचे तापमान आणि फेरे संगणक राखून ठेवतो. चालकाचे शब्दही तितकेच मोलाचे असतात. ‘रेस घेत नाही’, ‘पिकअप नाही’, ‘झटके मारते’ ही विधाने समानार्थी नव्हेत. पहिल्यात आज्ञा पाळली जात नाही, दुसऱ्यात ती अपुरी पाळली जाते, तिसऱ्यात ती मधूनच तुटते. नंदुरबार जिल्ह्यात तक्रार पुष्कळदा अहिराणीत वा भिलीत सांगितली जाते आणि वर्कशॉपच्या पावतीवर मराठीत उतरते; ह्या भाषांतरात हा भेद पुसला जाऊ नये. शिवाय हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक दशांशाने कमी असतो. तेव्हा दिवा न लागता घाटमाथ्यावर जाणवणारा थोडा मंदपणा हा दोष नसून भूगोलही असू शकतो.

शेवटी, संकेताच्या अभावाचाही अर्थ जपून लावला पाहिजे. टोयोटा गाड्या आपोआप वेग घेतात ह्या तक्रारींवरून अमेरिकेच्या नासा संस्थेने केलेल्या तपासाचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. थ्रॉटल मोठ्या प्रमाणात उघडण्यास इलेक्ट्रॉनिक दोष कारण असल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. मात्र तपासलेल्या एका सदोष पेडलमध्ये कथिलाच्या अतिसूक्ष्म तंतूने दोन्ही सेन्सरांच्या वाहिन्या एकमेकींस जोडल्याचे दिसून आले. साक्षीदार दोन असले, तरी त्यांचे आपसांत संधान जुळले की त्यांच्या एकवाक्यतेला पुराव्याचे मूल्य पुरते उरत नाही.

तात्पर्य, दोषसंकेत हा निदानाचा आरंभ होय, शेवट नव्हे. तो विसंगती कोठे दिसली हे सांगतो. ती कोठे उत्पन्न झाली हे मोजून, ताडून आणि वगळून ठरवावे लागते. ज्या कारागिराच्या हाती स्कॅनर आहे पण मल्टिमीटर नाही, त्याच्यापाशी कोश आहे, व्याकरण नाही, असेच म्हणावे लागेल.