जंताला भूक लागते का?

परवा बाजाराच्या दिवशी एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन राजूरला माझ्या दवाखान्यात आल्या. पोट दुखत होते, शौचातून जंत पडला होता. "लई गूळ खातंय, म्हणून जंत झाले बघा," असे निदानही आजींनी करून टाकले. मी गोळी पुढे केली. पोराने तोंड घट्ट मिटले. "खा मुकाट्यानं, नाहीतर डॉक्टर सुई टोचतेत," आजी म्हणाल्या. पोर रडू लागले. जवळ घेऊन विचारले तेव्हा हळूच म्हणाले, "त्यो मरंल ना? त्याला भूक लागत असंल का?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहान मूल सजीवांचा विचार असाच, स्वतःवरून करते. जे हलते ते जिवंत, असे आधी त्याला वाटते. म्हणून ढग जिवंत आणि झाड मात्र नाही! स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकातच मुलांच्या या समजुती नोंदवल्या. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सजीव-निर्जीवांविषयी विद्यार्थ्यांच्या कल्पनांवर १९९६ मध्ये अहवाल काढला. जपानच्या कायोको इनागाकी यांना १९९० च्या अभ्यासात आढळले, की घरी सोनमासा पाळणारी बालवाडीच्या वयाची मुले न पाळलेल्या बेडकाबद्दलही अधिक योग्य अंदाज बांधतात. आपल्या खेड्यातील मुलांसमोर तर शेळ्या, कोंबड्या, वासरे रोजच असतात. 'खाल्ले की ताकद येते' हे त्यांना कळते. तोच धागा पकडावा.

मी विचारले, "भाकरी खाल्ली की ताकद कुणाला?" "मला." "आणि पोटातल्या जंतानं ती खाल्ली तर?" पोर विचारात पडले, "त्याला." मग त्याने गोळी स्वतःच चावून खाल्ली. सुईच्या धाकाने जे झाले नाही, ते दोन प्रश्नांनी झाले. धाक दाखवलेले मूल पुढे दुखणेच लपवते.

आता आजींच्या गुळाविषयी. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. गोल जंताची अंडी रोग्याच्या शौचातून मातीत जातात, तेथे पक्व होतात आणि मळक्या हातांनी, न धुतलेल्या भाजीतून पोटात येतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. हा जंत रक्त पितो, त्यामुळे पंडुरोग होतो.

अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून 'हात तर स्वच्छ आहेत' असे मूल म्हणते. त्याला रात्री दुधात विरजण घालायला लावा. सकाळी दही झाले की सांगा, हे न दिसणाऱ्या जिवांचे काम. हे जीव गुणाचे. मातीतले काही मात्र रोग आणतात.

पालकांनी एवढे करावे :

• जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत, नखे कापावीत, पायात चप्पल असावी, शौचालय वापरावे.

• २०१५ पासून अंगणवाडी व शाळांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी मोफत मिळते. ती चुकवू नये. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून द्यावी.

• पोट फुगून उलट्या होत असतील तर घरी गोळी न देता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आणि मुलाने प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करू नये.