रॉ फोटोचं जेपीईजी करा, पण मूळ फाइल जपा

लग्न, मुंज किंवा बारसं आटोपलं की फोटोग्राफर पेनड्राइव्ह हातात देतो. तो मोबाइलला जोडला, तर काही फोटो उघडतच नाहीत. नावापुढे सीआर३, एनईएफ किंवा एआरडब्ल्यू अशी अक्षरं दिसतात. घाबरू नका आणि फाइल खराब आहे असं समजून डिलीटही करू नका. त्या अनुक्रमे कॅनन, निकॉन आणि सोनी कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल्स आहेत.

रॉ म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली, जवळजवळ कच्ची माहिती म्हणजे रॉ. १४ बिट रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदवता येतात. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या मिळतात. म्हणूनच मांडवातल्या पिवळ्या दिव्यांनी चेहरे पिवळे आले असतील किंवा काळोखात आजीचा चेहरा हरवला असेल, तर रॉमधून तो बराच सुधारता येतो. जेपीईजीमध्ये तेवढा वाव उरत नाही.

बदलायचं कसं?

- कॉम्प्युटरवर कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ वापरा. दोन्ही मोफत आहेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या फाइल्स उघडतात.
- आधी उजेड आणि व्हाइट बॅलन्स नीट करा, मगच एक्सपोर्ट करा.
- जेपीईजीची क्वालिटी ९० च्या आसपास आणि रंगांसाठी एसआरजीबी निवडा.
- बरेच फोटो असतील तर सगळे एकदम निवडून एक्सपोर्ट करता येतात.

कशासाठी कोणता फॉरमॅट?

नातेवाइकांना पाठवायला आणि साध्या प्रिंटसाठी जेपीईजी पुरेसा आहे. ८ बाय १२ इंचांच्या स्वच्छ प्रिंटसाठी फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा असावा. फोटोवर अजून बरंच काम करायचं असेल, तर १६ बिट टिफ घ्या. फाइल मात्र खूप मोठी होते. रॉ स्वरूपातच साठवायचं असेल, तर अडोबीने २००४ मध्ये आणलेला डीएनजी हाही पर्याय आहे. त्यासाठीचा अडोबी डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो.

हे टाळा

- फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून जेपीजी लिहिलं, तरी फॉरमॅट बदलत नाही.
- घरातल्या मुलांचे, समारंभाचे फोटो अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात.
- जेपीईजी झाला म्हणून रॉ पुसू नका. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसं जेपीईजीवरून मूळ रॉ परत मिळत नाही.

सगळे फोटो ठेवायला जागा नसेल, तर निदान निवडक ५०-१०० फोटोंच्या रॉ फाइल्स दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. पुढे कधी आजीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा झाला, तर हीच फाइल कामी येईल.