रेषेवरचा चेंडू

खेळांत निवाडा करणाऱ्यास आपण मराठींत पंच म्हणतों. शब्द मूळ पांचांच्या मंडळाचा. परंतु मैदानावर तो एकट्याला लावण्यासही आपणांस संकोच वाटत नाहीं. इंग्रजींत त्यास अंपायर म्हणतात. हा शब्द 'जो जोडीतला नव्हे तो' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आलेला आहे. दोघांचा तंटा लागला असतां जो त्यांपैकीं कोणाचाच नव्हे असा तिसरा, हा त्यांतील आशय. आपल्या नाटककारांसही ही कल्पना चांगली परिचित होती. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त दोघां नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण असा वाद उत्पन्न होतो. राजानें एकट्यानें निवाडा केला तर राणीस त्यांत पक्षपात दिसेल, म्हणून प्राश्निकाचें, म्हणजे परीक्षकाचें, काम पंडिता कौशिकीकडे सोंपविण्यांत येतें. तात्पर्य, स्पर्धा आली कीं निवाडा आला, आणि निवाडा आला कीं त्याविषयींची कुरकुरही आलीच.

हा विषय सुचण्याचें कारण धंदेवाईक टेनिस. विंबल्डनचे सामने सुरू झाले म्हणजे आपल्या घरांतून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी दूरचित्रवाणीपुढें जमतात. खेळ रंगांत आला असतां एखादा नामांकित खेळाडू पंचांशीं हुज्जत घालूं लागतो, हातांतील रॅकेट आपटतो. तेव्हां मुलें पडद्यावरची दृष्टि काढून क्षणभर वडील माणसांच्या तोंडाकडे पाहतात. या प्रकाराला हंसावयाचें, कीं मान डोलवावयाची, कीं नापसंती दाखवावयाची, हें त्यांस तेथून समजून घ्यावयाचें असतें. अशा वेळीं आपल्या चेहऱ्यानें काय सांगावें, याचा वडील मंडळींनीं आधींच थोडा विचार करून ठेवलेला बरा.

प्रथम या खेळांतील अडचण लक्षांत घेतली पाहिजे. एकेरी सामन्याचें अंगण ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असतें, आणि पट्टीचे खेळाडू ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें सर्व्हिस करतात. चेंडूचा रेषेला यत्किंचित् स्पर्श झाला तरी तो आंत पडला असें मानावयाचें. तेव्हां डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत कोणा मनुष्यानें 'आंत' कीं 'बाहेर' हें सांगावयाचें, आणि त्यावर सामना, पारितोषिक व कीर्ति अवलंबून राहावयाची! नियमकारांनीं येथें एक मार्मिक भेद केलेला आहे. चेंडू कोठें पडला, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. त्यांत मैदानावरील पंचांचा शब्द अखेरचा. परंतु नियमाचा अर्थ काय, असा प्रश्न असेल तर खेळाडूस वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे रेफरीकडे, दाद मागतां येते. म्हणजे शंका विचारणें हा अपराध नव्हे. ती कशाविषयीं, कोणापाशीं आणि कोणत्या शब्दांत विचारावयाची, एवढीच काय ती मर्यादा आहे.

ही मर्यादा ओलांडणाऱ्यांत अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोचें नांव अद्याप लोकांच्या तोंडीं आहे. १९८१ सालीं विंबल्डनच्या पहिल्याच फेरींत, टॉम गलिक्सनविरुद्ध खेळत असतां, त्याची एक सर्व्हिस बाहेर गेल्याचा निर्णय झाला. चेंडू रेषेवर पडून खडूचा धुरळा उडाला, असें त्याचें म्हणणें. पंचांच्या उंच खुर्चीपाशीं जाऊन तो जें वाक्य ओरडला तें त्याच्या नांवाला कायमचें चिकटलें. पुढें अमेरिकेंत त्याचें आत्मचरित्र निघालें तें त्याच नांवानें. त्या वर्षीं अंतिम सामन्यांत ब्यॉर्न बोर्गचा पराभव करून त्यानें विजेतेपद मिळविलें. परंतु विजेत्यास क्लबाचें सन्माननीय सभासदत्व देण्याची जी रीत होती, ती त्याच्या बाबतींत त्या वर्षीं पाळण्यांत आली नाहीं. पुढें १९९० सालीं मेलबर्न येथें, स्वीडनच्या मिकाएल पेर्नफोर्सविरुद्ध सेटांमध्यें आघाडीवर असतां, त्याला सामन्यांतूनच काढून टाकण्यांत आलें. प्रथम ताकीद, मग एका गुणाचा दंड, आणि तिसऱ्या अपराधास हकालपट्टी, असा तो क्रम होता. पूर्वीं मध्यें आणखी एक पायरी असे. ती त्याच सुमारास काढली गेली आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. वर्षानुवर्षें ज्यानें पंचांस नियम ऐकविले, त्याला नवा नियम ठाऊक नसावा हा विचित्र योगायोग खरा!

परंतु तक्रार करणारा प्रत्येक खेळाडू आततायीच असतो, असें मात्र कोणी समजूं नये. २००४ सालीं न्यूयॉर्क येथें सेरेना विल्यम्स व जेनिफर कॅप्रियाटी यांचा सामना चालू असतां, सेरेनाचा एक फटका रेषेच्या आंत पडला. रेषापंचांनींही तो योग्यच ठरविला होता. तरी खुर्चीवरील पंचांनीं तो निर्णय फिरवून गुण कॅप्रियाटीस दिला. घरीं बसून पाहणाऱ्या लक्षावधि लोकांस चेंडू आंत पडल्याचें स्पष्ट दिसत होतें. स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनीं पुढें चूक मान्य केली. परंतु सेरेनानें गमावलेला सामना कांहीं परत आला नाहीं. अन्याय झालेल्या माणसास 'तूं गप्प बैस' एवढाच उपदेश करणें हेंही न्यायाचें नव्हे.

मग बिघडतें कोठें? याचें उत्तर चौदा वर्षांनंतर त्याच नगरींत, त्याच सेरेनाच्या दुसऱ्या सामन्यांत सांपडतें. २०१८ च्या अंतिम सामन्यांत तिची गांठ जपानच्या वीस वर्षांच्या नाओमी ओसाकाशीं पडली होती. प्रेक्षकांतून प्रशिक्षकानें खूण केली, म्हणून पंच कार्लोस रामोस यांनीं सेरेनास ताकीद दिली. आपण लबाडी करीत नाहीं, असें तिनें निक्षून सांगितलें. प्रशिक्षकानें खूण केल्याचें मागाहून कबूल केलें. ती सेरेनानें पाहिली होती कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. येथपर्यंत तिची बाजू मांडण्यासारखी होती. परंतु पुढें रॅकेट मोडली, एक गुण गेला. आणि मग तिनें पंचांस चोर म्हटलें, तेव्हां एक अख्खा गेम गेला. पूर्वीं वाद चेंडूचा किंवा नियमाचा होता. आतां तो पंचांच्या हेतूचा झाला. 'आपण चुकलांत' आणि 'आपण चोर आहांत' या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, हें आपल्या घरांतून निराळें सांगावयास नको. भावाभावांच्या वाटण्यांत पहिलें वाक्य उच्चारलें गेलें तर तडजोड होते. दुसरें गेलें तर चुली वेगळ्या होतात.

या गडबडींत एका व्यक्तीचा सर्वांस विसर पडला होता. ओसाकानें दोन सरळ सेटांत सामना जिंकला. एकेरींत असें मोठें विजेतेपद मिळविणारी ती पहिलीच जपानी खेळाडू. परंतु पारितोषिक समारंभाच्या वेळीं प्रेक्षक धिक्काराचे आवाज काढीत होते, आणि ती मुलगी टोपी ओढून रडत उभी होती. अखेर सेरेनानेंच लोकांस धिक्कार थांबविण्याची विनंती केली, हें तिच्या पदरीं घातलें पाहिजे. पंचांशीं मांडलेल्या भांडणांत पंचांचें फारसें जात नाहीं. जातें तें पलीकडे उभ्या असलेल्या, कांहींही अपराध न केलेल्या प्रतिस्पर्ध्याचें.

पुष्कळ जुन्या मंडळींचें मत असें कीं, हा सारा पैशाचा परिणाम आहे. १९६८ पर्यंत विंबल्डनच्या त्या प्रसिद्ध स्पर्धेचीं दारें केवळ हौशी खेळाडूंनाच उघडीं होतीं. त्या वर्षापासून धंदेवाईकांस प्रवेश मिळाला आणि सभ्यता बाहेर पडली, असें ते म्हणतात. जुन्या काळीं मोठीं मनें होतीं यांत संशय नाहीं. १९३५ सालीं डेव्हिस चषकाच्या दुहेरी सामन्यांत जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम यानें, विजय हातीं आला असतां, चेंडू आपल्या रॅकेटीस निसटता लागला होता असें आपण होऊन पंचांस सांगितलें. कोणीही तें पाहिलें नव्हतें. जर्मनीनें तो सामना गमावला. परंतु पैशाच्या काळींही असे पुरुष निपजले आहेत. मॅकेन्रोची ती गर्जना दुमदुमली त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८२ सालीं, पॅरिस येथें स्वीडनचा सतरा वर्षांचा मॅट्स विलांडर उपांत्य फेरींत अर्जेंटिनाच्या होसे लुइस क्लेर्कशीं खेळत होता. विजयाच्या शेवटच्या गुणावर क्लेर्कचा चेंडू बाहेर ठरला. पंचांनीं सामना संपल्याचें जाहीरही केलें. परंतु चेंडू आंत होता, असा विजय आपणांस नको, असें त्या मुलानें पंचांस सांगितलें आणि तो गुण पुन्हां खेळविण्यांत आला. सुदैवानें तोही त्यानें जिंकला, आणि पुढें स्पर्धाही जिंकली.

सुदैव प्रत्येकाच्याच वांट्यास येतें असें मात्र नाहीं. २००५ सालीं रोम येथें अमेरिकेचा अँडी रॉडिक, स्पेनच्या फर्नांडो व्हर्डास्कोविरुद्ध विजयापासून एका गुणावर होता. व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर ठरली आणि सामना संपला, असें सर्वांस वाटलें. रॉडिकनें लाल मातींत उमटलेली खूण पंचांस दाखविली व चेंडू रेषेस लागल्याचें मान्य केलें. पुढें तो सामना हरला. सत्याचें फळ गोडच असतें असें मुलांस सांगणाऱ्यांनीं ही हकीकतही सांगावी. फळाकडे न पाहतां जें केलें जातें त्याचेंच मोल अधिक, हें आपल्या परंपरेस अपरिचित नाहीं.

आतां यंत्राचा काळ आला आहे. हॉक-आय, म्हणजे ससाण्याचा डोळा, या नांवाची योजना २००१ सालीं प्रथम क्रिकेटमध्यें दिसली आणि २००६ पासून मोठ्या टेनिस-स्पर्धांत आली. प्रथम खेळाडूनें हरकत घेतली तरच यंत्रास विचारीत. २०२५ सालीं विंबल्डननें रेषापंचांस कायमची रजा दिली आणि सारे निर्णय यंत्राकडे सोंपविले. पॅरिसनें मात्र त्या वर्षींही मनुष्येंच ठेविलीं. नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर यांत एक मौज आहे. रेषापंचांचा निर्णय प्रत्यक्षावर आधारलेला असे. यंत्र पडद्यावर जें दाखवितें तें प्रत्यक्ष नसून अनुमान आहे. अनेक कॅमेऱ्यांनीं टिपलेल्या स्थानांवरून चेंडूचा मार्ग गणितानें काढावयाचा, आणि तो भूमीस कोठें टेकला असला पाहिजे तें रेखाटून दाखवावयाचें. धूर पाहून अग्नि ओळखण्याचीच ही जात. तरीही, ज्या खेळाडूंनीं मनुष्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेविला नाहीं, ते या अनुमानापुढें बहुधा मुकाट्यानें मान लववितात. कारण यंत्राच्या ठिकाणीं हेतूची शंका घेतां येत नाहीं. भांडण नुसत्या चेंडूचें कधींच नव्हतें, हें यावरून दिसून येतें.

परंतु यंत्रासही निजविणारा मनुष्यच असतो! २०२५ च्याच विंबल्डनमध्यें, रशियाची अनास्तासिया पावल्युचेन्कोवा व इंग्लंडची सोने कार्टल यांच्या सामन्यांत, अंगणाच्या एका भागावरील यंत्र चुकून बंद राहिलें होतें. कार्टलचा फटका उघड उघड बाहेर गेला, पण आवाज आला नाहीं. पंचांनीं खेळ थांबविला, चौकशी केली आणि अखेर गुण पुन्हां खेळविला. पावल्युचेन्कोवाचा हक्काचा गेम हातचा गेला. ती संतापली, तक्रार केली, पण पुढें खेळत राहिली व सामना जिंकली. आणि जेथें रेषेविषयीं वादच नाहीं तेथेंही मनाचा तोल जावयाचा राहत नाहीं. २०२० सालीं न्यूयॉर्क येथें नोव्हाक जोकोविचनें रागाच्या भरांत मागें मारलेला चेंडू एका रेषापंच बाईंच्या गळ्यास लागला आणि त्यास स्पर्धेबाहेर जावें लागलें. त्या वर्षीं तेथील दोनच मोठीं मैदानें सोडून इतरत्र रेषापंच नव्हतेच. यंत्र चेंडूवर नजर ठेवूं शकतें, रागावर नाहीं.

शिवाय, यंत्रानें मॅकेन्रोची सबब हिरावून घेतली, तशी रॉडिकची संधीही हिरावून घेतली आहे. जो प्रश्न कोणी विचारीतच नाहीं त्याचें खरें उत्तर देणार कोण? म्हणून मला वाटतें, हा गुण यापुढें मोठ्या मैदानांवर शिकतां येणार नाहीं. तो शिकावयाचा तर जेथें पंचच नाहींत तेथें. टेनिसमध्यें अशा सामन्यांचा नियम मोठा सुंदर आहे. जाळीच्या आपल्या बाजूस पडलेल्या चेंडूचा निवाडा ज्याचा त्यानें करावयाचा, आणि शंका असेल तर ती प्रतिस्पर्ध्याच्या लाभाची धरावयाची. येथें प्रत्येक खेळाडू स्वतःच्याच खटल्यांत न्यायाधीश असतो.

शाळेंत मुलांच्या हुतूतूच्या सामन्यांत शिटी फुंकण्याचें काम पुष्कळ वर्षें माझ्याकडे असे. 'नाहीं लागला, गुरुजी!' असा ओरडा दर डावास ठरलेला. 'लागला, गुरुजी,' म्हणून आपण होऊन बाहेर जाणारा मुलगा वर्गांत एखादाच. पण तो कोण, हें दोन्ही पक्षांस पक्कें ठाऊक असे, आणि वाद फार माजला म्हणजे माझ्या शिटीपेक्षां त्याच्या शब्दानें तो लवकर मिटे. अशीं मुलें उपदेशानें तयार होत नाहींत. घरच्या संवयीनें होतात. मुलगा किंवा मुलगी खेळून घरीं आली कीं 'जिंकलास कां?' 'जिंकलीस कां?' हा प्रश्न आपल्या तोंडून सहजच निघतो. तो अवश्य विचारावा. परंतु त्याच्या पाठोपाठ, 'आज रेषेवरच्या चेंडूचा निवाडा कोणी केला?' असेंही एखादे वेळीं विचारून पाहावें, आणि मिळेल तें उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें.